छोट्या इंजिनांचा कारभारी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात गेलेले बहुतेक प्रेक्षक दरबार हॉलमधील प्रचंड झुंबरांकडे माना वर करून पाहत राहतात. आमच्या इतिहास विभागाच्या सहलीत मी मात्र जेवणाच्या मेजापाशीच अडकले. त्या लांबलचक मेजावर रूळ टाकलेले आहेत आणि रुळांवर चांदीची एक चिमुकली आगगाडी उभी आहे. पुढे इंजिन, मागे सात डबे. प्रत्येक डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर, आणि सातही अक्षरे जुळवली की शिंदे घराण्याचे नाव तयार होते. महाराज माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांच्या पाहुण्यांपुढे जेवणानंतर ही गाडी मद्य आणि चिरूट घेऊन फिरत असे. कोणी डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबावी आणि सुरई परत ठेवली की चालू व्हावी, अशी तिची योजना होती.

परत आल्यावर मी तिचे छायाचित्र आजोबांना दाखवले. आजोबांनी आयुष्यभर रेल्वेच्या एका कारखान्यात फिटरचे काम केले. त्यांनी चष्मा लावला, चित्र डोळ्यांजवळ नेले आणि विचारले की ही चाके कोणी कातली? मी मोठ्या ऐटीत सांगितले की इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या बॅसेट-लोक कंपनीने ही गाडी १९०६ साली बनवली. आजोबा म्हणाले, ते कंपनीचे नाव झाले. मी हातांबद्दल विचारतोय.

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधायला म्हणून मी बॅसेट-लोकचे चरित्र वाचू लागले, आणि प्रश्न बाजूला राहून त्या माणसातच गुंतत गेले. छोट्या आगगाड्यांचा नाद असलेल्यांच्या जगात हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. त्याची कंपनी बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, तरी तिची इंजिने लोक जपतात, दुरुस्त करतात, चालवतात. पण आपल्याकडे त्याच्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

वेनमन जोसेफ बॅसेट-लोक याचा जन्म २७ डिसेंबर १८७७ रोजी नॉर्थॅम्प्टन येथे झाला. हे गाव चामड्याच्या जोड्यांसाठी प्रसिद्ध. जोडे शिवणारे कारखाने आले की त्यांना वाफ पुरवणारे बॉयलर आले, आणि बॉयलर आले की ते बनवणारे व दुरुस्त करणारेही आले. लोक घराण्याचा व्यवसाय हाच होता. वेनमनने शाळा सुटल्यावर काही काळ एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी केली आणि मग तो वडिलांच्या कारखान्यात आला. नकाशावरची रेघ आणि भट्टीतले लोखंड या दोहोंशी त्याची ओळख अशी कोवळ्या वयातच झाली. पुढच्या सगळ्या आयुष्यात त्याने या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवण्याचेच काम केले.

त्या काळी इंग्लंडमध्ये घरच्या घरी छोटी वाफेची इंजिने बनवण्याचा छंद जोरात होता. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल याने या छंदिष्टांसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. हौस पुष्कळ असली तरी सामान मिळत नसे. घरात लेथ असलेला माणूस पितळेचा दांडा कातू शकेल. पण सिलिंडरसाठी ओतीव तुकडा आणायचा कोठून? चाके, झडपा, दाबमापक कोठे मिळायचे? वेनमनने ही अडचण हेरली. १८९९ साली, म्हणजे वयाच्या बाविशीच्या आतच, वडिलांच्या कारखान्यातील हिशेबनीस हॅरी फ्रँकलिन याला सोबत घेऊन त्याने टपालाने सुटे भाग विकण्याचा धंदा सुरू केला. ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये जाहिरात द्यायची, पत्र आले की माल पाठवायचा.

बॅसेट-लोक हा एकट्याने खोलीत बसून इंजिन घडवणारा कारागीर नव्हता. त्याच्या कीर्तीवरून आपला तसा समज होतो. माझाही झाला होता. तो कारभारी होता. कोणाच्या हातात कसब आहे, कोणाच्या डोक्यात आराखडा आहे आणि कोणाच्या खिशात पैसे आहेत हे ओळखून त्या तिघांना एका मेजाशी बसवणे, हे त्याचे खरे कौशल्य.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे त्याने जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या खेळणी बनवणाऱ्यांचे काम पाहिले. पत्र्याच्या वस्तू सुबक करण्यात त्या गावाचा हात कोणी धरला नसता. परंतु त्यांच्या आगगाड्या बहुधा कोणत्याच देशाच्या नसत. धुराडे, चाके आणि वर लाल-हिरवा रंग, की झाले इंजिन. इंग्लंडमधल्या पोराला मात्र आपल्या स्टेशनावरून रोज जाणारे इंजिन ठाऊक असे. त्याच्या चाकांची संख्या, रंगाची छटा, घुमटाचा आकार त्याला पाठ असत. बॅसेट-लोकने बिंग आणि कॅरेट या न्यूरेंबर्गच्या कारखानदारांशी बोलणे केले. तुमच्याकडे यंत्रे आहेत आणि कारागीर आहेत. आम्ही इंग्लिश इंजिनांची नेमकी मापे देतो, त्याबरहुकूम बनवा, असा तो व्यवहार होता. थोड्याच दिवसांत बिंग कारखान्यातून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ इंजिनाची प्रतिकृती बाहेर पडली. खेळणे आणि प्रतिकृती यांच्यातली सीमारेषा इथे आखली गेली असे जाणकार मानतात.

आराखड्यांसाठी त्याला हेन्री ग्रीनली (१८७६-१९४७) हा माणूस मिळाला. ग्रीनली लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या नकाशा विभागात काम केलेला, हिशेबी आणि काटेकोर. छोट्या इंजिनांची मापे ठरवण्याचे अवघड काम त्याने केले. हे काम अवघड का, ते थोडे सांगायला हवे.

खऱ्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. ‘एक नंबर’ गेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गाडीत ते ४५ मिलिमीटर असते, म्हणजे सुमारे बत्तिसावा हिस्सा. आता प्रत्येक लांबी बत्तीसपट कमी केली तर बॉयलरचा पृष्ठभाग १०२४ पट कमी होतो आणि त्यात मावणारे पाणी ३२,७६८ पट कमी होते. पाणी फार घटते, पण ज्यातून उष्णता निसटते तो पृष्ठभाग त्या मानाने घटत नाही. म्हणून छोटा बॉयलर पाहता पाहता थंड होतो. शिवाय आग, पाणी आणि वाफ यांना आपण लहान व्हा असे सांगता येत नाही. वाफेचा थेंब आहे तेवढाच राहतो. खऱ्या इंजिनातील प्रत्येक नळी त्याच प्रमाणात लहान केली तर ती केसासारखी होऊन तुंबेल. म्हणून बाहेरून हुबेहूब आणि आतून वेगळे, असे इंजिन बनवावे लागते. चांगल्या प्रतिकृतीत वरचे पितळी कवच दिसण्यासाठी असते. त्याच्या आत पाण्याची लहान टाकी आणि तिच्या पोटाखाली पाण्याच्या बारीक नळ्या असतात. त्यांच्याखाली स्पिरिटचा दिवा जळतो. बाहेरचा खरेपणा सांभाळायचा तर आत तडजोड करावी लागते, आणि ती कोठे करायची हे ठरवण्यातच आराखडा करणाऱ्याची कसोटी लागते.

असे इंजिन चालवणे हाही एक विधी असतो. टाकीत स्वच्छ पाणी भरायचे, सिलिंडरला वाफेचे दाट तेल द्यायचे, दिव्यात बेताने स्पिरिट घालायचे. वाफ धरेपर्यंत वाट पाहायची. सुरुवातीला सिलिंडरमध्ये साचलेले पाणी फुरफुरत बाहेर पडते, मग चाके एक-दोनदा अडखळतात आणि इंजिन निघते. ते एकदा निघाले की स्पिरिट संपेपर्यंत आपल्या मर्जीने धावते. ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी चावीची इंजिने होती, पुढे विजेचीही आली. स्वस्त इंजिने छापील पत्र्याची, तर महागडी इंजिने हाताने कापलेल्या आणि झाळलेल्या पितळी पत्र्याची असत. गिऱ्हाईक साधे इंजिन घेई आणि पैसे साठतील तसतसे त्याला चांगली चाके, दाबमापक, सुरक्षा-झडप, बाजूचे कठडे जोडत जाई. विकत घेतलेली वस्तू आपल्या हाताने सुधारता यावी ही सोय बॅसेट-लोकच्या धंद्यात पहिल्यापासून होती, आणि त्याची गिऱ्हाइके त्याच्याशी बांधलेली राहिली याचे एक मोठे कारण हेच असावे, असे मला वाटते.

धंदा वाढत गेला. १९०५ साली ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर पंधरा इंची रुळांवर माणसे बसवून नेणारे ‘लिटल जायंट’ हे इंजिन धावले. १९०६ साली छोट्या रेल्वेवरचे त्याचे मार्गदर्शक पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षीची ती ग्वाल्हेरची चांदीची गाडी. १९०८ साली लंडनच्या हाय हॉबर्न रस्त्यावर दुकान थाटले गेले. त्याच वर्षी नॉर्थॅम्प्टनमध्ये जॉर्ज विंटरिंगहॅम याच्या देखरेखीखाली स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १९०९ साली ग्रीनलीच्या संपादनाखाली एक मासिकही सुरू झाले. १९११ साली वेल्समधील ऱ्हिल येथे तळ्याभोवती फिरणारी छोटी रेल्वे आली. १९१५ साली इंग्लंडच्या वायव्येकडील रॅव्हनग्लास येथील बंद पडलेला तीन फुटी मार्ग भाड्याने घेऊन त्यावर पंधरा इंची रूळ टाकण्यास सुरुवात झाली. त्या मार्गावर आजही प्रवासी बसतात.

पण त्याआधीच, १९१४ साली महायुद्ध पेटले होते, आणि इथे त्याच्या आयुष्यातली खरी परीक्षा सुरू झाली. ज्या हातांवर त्याचा निम्मा धंदा उभा होता ते हात एका दिवसात शत्रूचे ठरले. न्यूरेंबर्गहून माल येणे थांबले. जॉर्ज कॅरेट हा मूळचा फ्रेंच नागरिक. त्याला जर्मनी सोडावी लागली आणि १९१७ साली त्याचा कारखाना कायमचा बंद पडला. नॉर्थॅम्प्टनच्या कारखान्यात आगगाड्यांऐवजी युद्धसामग्रीची मापे तपासणारी अचूक गेजे बनू लागली. खेळण्यांसाठी शिकलेली काटेकोर दृष्टी तोफांच्या कामी आली. हे वाचताना मला बरे वाटले नाही. परंतु कसब हे असेच असते, ते कोणाच्याही चाकरीला लागते.

याच काळात बॅसेट-लोकने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळे त्याचे नाव आगगाड्यांच्या जगाबाहेरही राहिले. १९१७ साली फ्लॉरेन्स जेन जोन्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. संसारासाठी नॉर्थॅम्प्टनच्या डर्नगेट रस्त्यावरील ७८ क्रमांकाचे एका ओळीतले अरुंद घर निवडले होते. ते आतून नव्याने सजवण्याचे काम त्याने ग्लासगोचा वास्तुशिल्पी चार्ल्स रेनी मॅकिंटॉश याच्यावर सोपवले. मॅकिंटॉशचे नाव आज जगभर घेतले जाते, पण तेव्हा त्याला कामे मिळेनाशी झाली होती. त्याने काळ्या भिंती आणि त्यांवर पिवळ्या त्रिकोणांची रांग असलेला दिवाणखाना रचला. या घरासाठी आराखडलेल्या फर्निचरपैकी काही आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत बनले. ती छावणी युद्धकाळात डांबून ठेवलेल्या जर्मन नागरिकांची होती, आणि त्यांच्यातल्या कारागिरांना तेथे क्वेकर पंथीयांच्या मदतीने काम मिळत होते. बाहेर जर्मन नावाचा तिरस्कार चाललेला असताना या गृहस्थाच्या नव्या घरातल्या खुर्च्या जर्मन कैद्यांच्या हातच्या होत्या.

या कैद्यांचीही नावे मला मिळाली नाहीत. मॅकिंटॉशचे नाव घरावर आहे, बॅसेट-लोकचे नाव घरावर आहे. २००३ साली ते घर दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी खुले झाले.

युद्धानंतर त्याने न्यूरेंबर्गशी संबंध पुन्हा जोडले. १९२६ साली त्याने ‘न्यू वेज’ हे दुसरे घर बांधले, तेही जर्मन वास्तुशिल्पी पेटर बेहरेन्स याच्याकडून. सपाट छपराचे, पांढरे, नक्षीकाम नसलेले हे घर ब्रिटनमधील आधुनिक शैलीच्या पहिल्या घरांत गणले जाते. वस्तू रोजच्या वापरातली असली तरी तिची घडण प्रामाणिक हवी, या मताच्या ‘डिझाइन अँड इंडस्ट्रीज असोसिएशन’ या १९१५ साली स्थापन झालेल्या संस्थेचा तो सुरुवातीपासूनचा सभासद होता. समाजवादी विचारांच्या फेबियन मंडळींत त्याची ऊठबस असे आणि बर्नार्ड शॉ त्याच्या घरी मुक्कामाला येऊन गेला होता. गावच्या नाट्यगृहाच्या आणि नगरपालिकेच्या कामातही त्याने पुष्कळ वेळ घातला. इंजिनाच्या चाकाला लावलेली कसोटीच त्याने घराला आणि गावाला लावली, असे म्हणता येईल.

१९३० नंतर जर्मनीत दिवस पालटले. बिंग कारखाना मंदीत बुडाला. त्या घराण्यातला श्टेफान बिंग हा बॅसेट-लोकचा जुना सहकारी. त्याच्या नव्या उद्योगातून आणि बॅसेट-लोकच्या साथीने १९३५ साली ‘ट्रिक्स ट्विन’ ही विजेवर चालणारी, अगदी लहान मापाची गाडी इंग्लंडमध्ये आली. एकाच रुळावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवता येत, म्हणून ते ‘ट्विन’ नाव. पण बिंग ज्यू होता. नाझी राजवटीत त्याला आपला उद्योग सोडून इंग्लंडला यावे लागले. पॅरिसच्या प्रदर्शनात जुळलेला धागा एक महायुद्ध आणि एक हुकूमशाही यांतून असा टिकून राहिला. धंद्यातली मैत्री ही स्वार्थाची असते असे आपण सहज म्हणून जातो. असेलही. पण हा स्वार्थ पस्तीस वर्षे पुरला, हेही खरे.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या कारागिरांनी सैन्यासाठी प्रतिकृती बनवल्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तरंगते बंदर उभारण्याची जी ‘मलबेरी’ योजना होती, तिच्या प्रतिकृती त्यांत होत्या. ऑक्टोबर १९५३ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी बॅसेट-लोक वारला. तोवर स्वस्त, लहान आणि साच्यातून भराभर निघणाऱ्या गाड्यांचे दिवस आले होते. हाताने झाळलेली पितळी इंजिने परवडणारे गिऱ्हाईक विरळ झाले आणि १९६४ साली कंपनीची किरकोळ विक्री थांबली.

आज त्याची इंजिने संग्राहकांकडे आहेत. त्यांच्यात एक वाद नेहमी चालतो. जुन्या इंजिनाचा रंग उडाला तर नवा द्यावा की नाही? झिजलेली चाके बदलावीत का? मूळचे यंत्र काढून नवी मोटर बसवली तर ते इंजिन बॅसेट-लोकचे राहते का? एक पक्ष म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवा, हात लावू नका. दुसरा म्हणतो, इंजिन धावण्यासाठी असते. मला दुसऱ्या पक्षाचे पटते. ज्याने आयुष्यभर सुटे भाग विकले, त्याला आपली इंजिने कोणी उघडली म्हणून राग आला नसता. मात्र काढलेला भाग टाकून देऊ नये, डबीत घालून जपावा. कारण त्यावर कोणाची तरी मेहनत असते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी आजोबांकडे गेले आणि सापडलेली नावे सांगितली. आराखडे ग्रीनलीचे, कारखाना विंटरिंगहॅमचा, हिशेब फ्रँकलिनचा, पत्र्याचे कसब बिंग आणि कॅरेट यांच्या कारखान्यांचे. ग्वाल्हेरच्या गाडीची चाके कोणी कातली ते मात्र सापडले नाही, हेही सांगितले. बॅसेट-लोकवर मी जरा चिडले होते. इतक्या लोकांचे काम, आणि नाव एकाचेच? ते आडनाव मराठीत लिहिले की त्यात ‘लोक’ दिसतात, एवढीच काय ती भरपाई, असेही मी म्हणाले.

आजोबा चिडले नाहीत. त्यांच्या मते नाव कोणाचे तरी एकाचे लागतेच. माल खराब निघाला तर शिव्याही त्याच नावाला बसतात. कामे जमवून आणणे हेही काम आहे आणि ते सगळ्यांना जमत नाही. त्यांच्या कारखान्यात त्यांनी उत्तम कारागीर नुसते बसून राहिलेले पाहिले होते, कारण त्यांच्याकडून काय करून घ्यायचे हे ठरवणारा कोणी नव्हता. मग ते कानशीविषयी बोलू लागले. प्रत्येकाची कानस वेगळी चालते. कोणी उजवीकडे दाब देतो, कोणाचा हात शेवटी उचलला जातो. शंभर तुकड्यांत स्वतःचा तुकडा आपण डोळे झाकून, नुसता अंगठा फिरवून ओळखला असता, असे ते म्हणाले. तसे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

नंतर त्यांनी ते छायाचित्र पुन्हा मागून घेतले आणि खिडकीपाशी उजेडात धरून बराच वेळ पाहिले. चित्रात चाके फार लहान दिसतात, चांदी चमकते, बारकावे कळत नाहीत. पुढच्या वेळी ग्वाल्हेरला जाशील तेव्हा जवळून काढून आण, म्हणाले. मी आणणार आहे. डब्यांवरची अक्षरे नसली तरी चालतील, फक्त चाके.